प्रयोग क्रमांक सात

डिसेंबरात दहिवडीच्या प्रयोगशाळेतलं पाणीसुद्धा चावतं.
काचेचा ट्रे, खाली आलेखाचा कागद,
दोन टोकांना पितळेच्या दोन पट्ट्या
आणि एलिमिनेटर, ज्याचं बटण
काडेपेटीची काडी खुपसल्याशिवाय टिकत नाही.
सहा व्होल्ट.

"सुई पाण्यात धरा. काटा दोनवर आला की टिंब.
मग सरका. पुन्हा दोन. पुन्हा टिंब."
चोवीस पोरं, चार व्होल्टमीटर,
त्यातला एक खोटारडा.
टिंबं जोडली की रेष होते,
मधे सरळ, पट्ट्यांच्या टोकांशी मात्र
बाहेर झुकलेली,
दाराजवळ बसणाऱ्या मुलांसारखी.

"ही समविभव रेषा. हिच्यावरून प्रभार कितीही फिरवा,"
मी म्हणाले, "काम शून्य."

मायाक्का वीरकर हसली.
एरवी ती आधी ओढणी तोंडाशी नेते,
या वेळी हातात सुई होती,
म्हणून हसू तसंच उघडं राहिलं.
"मॅडम, ही आमच्या डोंगरावर हाय."
काय?
"रेघ. दोन काठ्या, मधी पाण्याची नळी.
दोन्हीकडं पाणी सारखं आलं की फक्की टाकायची.
मग सरकायचं. पुन्हा सारखं. पुन्हा फक्की.
चर त्या फक्कीवरनं.
दीड महिना खणलं. आई, चुलती, मी.
आणि काम शून्य?"

उत्तर होतं माझ्याकडे.
माती खालून वर येते ते काम वेगळं,
रेषेवरून सरकणं वेगळं.
सूत्राच्या बाजूनं मी बरोबरच होते.
तरी खडू बोटांत फिरवत राहिले.

मग तीच फळ्यापाशी आली, कुणी न बोलावता.
"चरातलं पाणी कडंकडंनं पळत न्हाई.
कुठं जायचं तेच त्याला कळत न्हाई.
सुटलंच, तर असं सुटतं,"
आणि माझ्या रेषेला काटकोनात
तिनं बोट सरळ खाली ओढलं.

विद्युत क्षेत्राची दिशा.
हे मी गुरुवारी शिकवणार होते.

"आणि रेघा जवळजवळ आल्या तर?"
"तिथं शेरडंबी बिचकत्यात."

सोमवारी डब्याच्या पिशवीतून तिनं कंडेन्सर आणला,
काळा, डब्याच्या झाकणाला लोणच्याचा वास लागावा
तसा ग्रीसचा वास लागलेला.
मोटर जळाली, हा वाचला.
"लाईट गेली तरी ह्याच्यात ऱ्हाती म्हणं."
राहते. नऊ व्होल्टच्या चार बॅटऱ्या जोडून चढवला,
वायरी काढल्या, आणि सांगत गेले:
आत दोन पातळ पत्रे, समोरासमोर,
मधे कागदाएवढं काहीतरी,
जे त्यांना भेटू देत नाही.
जितके जवळ, तितकं जास्त मावतं.
टेकले, की संपलं.
ऊर्जा म्हणाल तर ती पत्र्यांत नसते,
त्या मधल्या जागेत असते.
स्क्रू-ड्रायव्हर आडवा धरला.
चट्.
मागच्या बाकावरचा इंद्रजित घाडगे "आयला" म्हणाला
आणि मी ऐकलं नाही.

साडेपाचच्या गाडीतून, पुसेगावच्या अलीकडे,
पहिल्यांदा नीट पाहिला डोंगर.
तिरप्या उन्हात चरांच्या सावल्या,
कुणी टिंब टिंब करत नेलेल्या.
एकही दुसरीला छेदत नव्हती.
(का? दोन गुण.)

तिच्या जर्नलात, निष्कर्षाच्या रकान्यात:
"रेघेवर काम शून्य.
रेघ काढायला दीड महिना."
लाल पेन उघडून बराच वेळ बसले.
मग नुसती सही केली, तारीख घातली.

कंडेन्सर आता कपाटात आहे,
दोन्ही टोकांना तार गुंडाळून.
तशी पद्धत आहे.
पूर्ण रिकामा केला तरी, नुसता ठेवला
तर थोडं थोडं पुन्हा चढतं त्याच्यात,
कुणी काही न जोडता.
"कुठनं येतं, मॅडम?"
पुस्तकात दोन ओळी आहेत. वाचून दाखवल्या.
ती ऐकत होती,
आणि मधेच तिनं तार एका टोकाची सोडवली,
बघू म्हणाली, उद्यापर्यंत.